उल्हासनगरात जिवंत, बदलापुरात मयत

१. उदबत्ती अजून जळत होती

खंडेनवमीच्या दुपारी हिरामण गायकरचा मॉनिटर गेला.

सकाळीच त्याची पहिलीवहिली साग्रसंगीत पूजा झाली होती. झेंडूचा हार त्याच्या डोक्यावरून दोन्ही बाजूंना उतरला होता, पुढ्यात नारळ होता, उदबत्ती अजून जळत होती. त्यामुळे तो गेलाय हे लांबून कळत नव्हतं. गेलेल्या माणसाची जी काही तयारी करावी लागते, ती त्याची आधीच होऊन बसलेली होती.

नाथा शेलार स्क्रू ड्रायव्हर घेऊन पोचला तेव्हा बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातल्या हिरामणच्या घराच्या पुढच्या खोलीत, म्हणजेच ‘हिरामण कॉम्प्युटर क्लासेस’मध्ये, सगळे भिंतीला टेकून उभे होते. दाराबाहेर चपलांची रांग होती. कॉम्प्युटरच्या खोलीत कोणी चपला घालून जात नसे. हा नियम कॉम्प्युटर आला त्या दिवशी, म्हणजे पंच्याण्णव साली झाला, आणि तो कोणी केला हे आता कोणालाच आठवत नव्हतं.

“बघ रे नाथा,” हिरामण म्हणाला. “तू डिप्लोमा हाय ना?”

नाथा डिप्लोमा होता. उल्हासनगरच्या एका इन्स्टिट्यूटमध्ये त्याने हार्डवेअरचा कोर्स केला होता. तिथे सर फळ्यावर रंगीत खडूंनी कॉम्प्युटर काढत. रोज पुसत, रोज नवा काढत. नाथाने आतून पाहिलेले सगळे कॉम्प्युटर खडूचे होते. हे त्याने गावात कोणाला सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं.

तो मॉनिटरमागे गेला. मागच्या बाजूला पिवळा स्टिकर होता. त्यावर विजेचं चित्र आणि उघडू नका अशा अर्थाचं इंग्रजी. नाथाने ते अत्यंत आदराने वाचलं आणि स्क्रू ड्रायव्हर खिशात ठेवला.

“चालू करून दाखवा,” तो म्हणाला.

मालिनीने भिंतीवरचं मेन बटण खाली केलं. मालिनी क्लासची मॅडम. खरवईहून रोज चालत यायची, पाच मुलींना शिकवायची. खालच्या डब्यातला पंखा घरघरला, डब्यावरचे दिवे लागले. मॉनिटर मात्र काळाच. त्याचा तो बारका हिरवा दिवासुद्धा लागला नाही. अंगात रक्त फिरतंय आणि तोंडावर माशी बसलीय, तसलं दृश्य.

“शनिवारी ठाण्याहून परीक्षक येनार,” हिरामण म्हणाला. “तवा हा चालू नसला तर सेंटर गेलं. सेंटर गेलं की मी इथं पिठाची गिरन टाकतो. गिरनीला मॅडम लागत नाय.”

मालिनीने मान खाली घातली. क्लास बंद म्हणजे घरी बसणं, आणि तिचा मोठा भाऊ ज्या उत्साहाने स्थळं आणत होता त्यावरून घरी बसणं म्हणजे सरळ मांडवात उभं राहणं. हे तिने नाथाला कधी सांगितलं नव्हतं. खरवईत ते सगळ्यांनाच माहीत होतं.

“मी सांगते कसा गेला तो,” कोपऱ्यातून आवाज आला. रखमाबाई. हिरामणची आई. कमरेला खोलीची किल्ली, हातात अजून पूजेचं ताट. “आज हत्यारांचा आरामाचा दिवस. कोयता ठेवला, नांगर ठेवला, हिराची मोटारसायकल ठेवली. आन् ह्या पोरीनं दुपारी येऊन मशीन उठवलं. झोपलेल्या देवीला लाथ मारली हिनं!”

सगळ्यांनी मालिनीकडे पाहिलं. मालिनीने नाथाकडे पाहिलं. दुरुस्त कर, असं त्या डोळ्यांत स्पष्ट लिहिलेलं होतं.

नाथाला दुरुस्ती येत नव्हती. पण नुसतं उभं राहणंही शक्य नव्हतं.

“दुरुस्तीच्या आधी,” तो म्हणाला, “हे कोणी केलं ते बघावं लागेल. आमच्यात तशी पद्धत आहे.”

२. पूजा सोडून

जबान्या ओटीवर झाल्या. हिरामणने नाथाला खुर्ची दिली, त्यामुळे तपासाला एकदम वजन आलं.

पहिली मालिनी.

“काल संध्याकाळी क्लास सुटला तेव्हा चालू होता?”

“होता ना. मीच बंद केला.”

“कसा?”

“नेहमीसारखा. भिंतीवरचं बटण. आम्ही सगळं तिथूनच चालू-बंद करतो. मी अंबरनाथला शिकले तिथेही तसंच होतं.”

“आणि आज?”

“मुलींची परीक्षा आहे ना, सराव घ्यायचा होता. म्हणून बटण लावलं. पंखा चालू झाला, पण हा अंधारच. नाथा, खरं सांगते, मी त्याला बोटसुद्धा लावलं नाही. काकूंनी सजवला होता, हार हलेल म्हणून हातच लावला नाही.” मग तिने आवाज खाली घेतला. “तुला येतं ना रे हे?”

“येतं,” नाथा म्हणाला. त्याचे कान तापले.

पण त्याच्या डोक्यात एक गोष्ट पक्की झाली. मालिनी खरं बोलत असेल, तर तिने बटण लावलं तेव्हा मॉनिटर आधीच गेलेला होता. म्हणजे घात झाला तो काल संध्याकाळ आणि आज दुपार यांच्या मधे कधीतरी.

दुसऱ्या रखमाबाई. त्यांना आरोपी म्हणून बसवायची कोणाची छाती नव्हती, म्हणून त्या उभ्या राहिल्या आणि नाथाच खुर्चीवरून उठला.

“काकी, काल संध्याकाळपासून खोलीत कोण गेलं?”

“कोन जानार? किल्ली माझे कमरेला.”

“सकाळी?”

“सकाली मी उघडली. पूजा केली. मंग बंद केली. दुपारी नवी उदबत्ती लावायला उघडली, तवा ही पोर आली.”

“पूजा सोडून खोलीत दुसरं काय झालं?”

“पूजा सोडून काय व्हनार? काय नाय झालं.”

“मशीनला कोणी हात लावला?”

“पूजा सोडून? कोनीच नाय.” रखमाबाईंचा चेहरा मऊ झाला. “काय साजरा दिसत होता रे. बनवनाऱ्यानं पन इचार केलाय बघ. हार घालायला डोकं हाय, कुंकू लावायला खाली गोल जागा हाय. मी टिला लावला, अक्षता बसवल्या, अला-बला घेतली. भरल्या कपाळाचा केला त्याला. आन् या पोरीनं…”

इथे जबानीचं कीर्तन झालं म्हणून नाथाने ती आवरती घेतली.

तिसरा धर्मराज. धर्मराजची शेजारी टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. बारा टाइपरायटर एकाच वेळी चालायचे तेव्हा गल्लीत गारा पडल्यासारखा आवाज येई. हिरामणचा कॉम्प्युटर आल्यापासून त्याच्याकडच्या गारा पातळ झाल्या होत्या. संशयित म्हणून धर्मराज इतका योग्य होता की नाथाला त्याच्याकडे बघून बरं वाटलं.

“धर्मराजकाका, सकाळी तुम्ही कुठे होता?”

धर्मराजने इकडेतिकडे पाहिलं. मग टोपी काढली. मग ती मांडीवर ठेवली. मग त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

“नाथा,” तो म्हणाला, “मीच मारला रे त्याला.”

३. लच्छूभाईचा हात

खुनाचं हत्यार प्रार्थना होतं.

सकाळच्या आरतीला धर्मराज शेजारधर्म म्हणून आला होता. उंबऱ्याबाहेरच उभा होता, टाळ्या वाजवत होता. सगळे ‘सुख दे’ म्हणत असताना त्याने मनातल्या मनात म्हटलं, आई, हे यंत्र बंद पडू दे. आयुष्यात देवीने त्याचं काही ऐकलं नव्हतं. मुलगा मागितला, मुली झाल्या. बदली मागितली, नोकरी गेली. हे मात्र दुपारपर्यंत ऐकलं.

“मला काय माहीत ती याच खात्यात बसलीय!” धर्मराज नाक पुसत म्हणाला. “त्या मालिनीचं काय वाटोळं होणार आता. मी उद्यापासून उलटी प्रार्थना चालू करतो.”

नाथाने त्याला धीर दिला. उंबऱ्याबाहेरून केलेला खून सिद्ध करणं कठीण होतं, आणि असा संशयित हातचा गेल्यावर त्याच्याकडे आता कोणीच उरलं नव्हतं. शेवटी जे टाळलं होतं तेच करावं लागलं. दसरा झाल्यावर, मॉनिटर उल्हासनगरला न्यायचा.

मॉनिटर गोधडीत गुंडाळला. हिरामणने मोटारसायकल काढली, नाथा मागे बसला, आणि मॉनिटर त्याच्या मांडीवर. गोधडीतून हार डोकावत होता, कारण तो काढायला रखमाबाईंनी परवानगी दिली नव्हती. अंबरनाथ पूर्वेला चहाला थांबले तर दुकानदार हळूच म्हणाला, “हॉस्पिटलला नेताय का?”

“हो,” हिरामण म्हणाला.

“वय काय?”

“दहा महिने.”

दुकानदाराने चहाचे पैसे घेतले नाहीत.

उल्हासनगरातलं लच्छूभाईंचं दुरुस्तीचं दुकान म्हणजे टीव्हींचं जंगल होतं. लच्छूभाई सिंधी, बोलायला गोड, आणि त्यांच्या दुकानातून कोणी एकदाच चहा पिऊन गेलेला नव्हता, दोन वेळा पिऊनच जायचा. त्यांनी गोधडी उलगडली, हार बाजूला केला आणि कपाळावर हात मारला.

“अरे साईं, ये मॉनिटर है या दूल्हा? इतना कुंकू!”

त्यांनी खांद्यावरचं फडकं ओलं केलं. दुकानात आलेली प्रत्येक वस्तू आधी पुसायची, मग बघायची, ही त्यांची पद्धत. सुकून कडक झालेलं कुंकू निघेना, तेव्हा अंगठ्याने चांगलं रगडलं. मग मॉनिटरच्या गालावर एक सणसणीत थप्पड मारली. मग प्लग लावला.

हिरवा दिवा लागला. काच चरचरली.

हिरामणने नाथाला मिठी मारली. नाथाने काहीच केलं नव्हतं, पण मिठी नाकारायची म्हणजे कारण सांगावं लागलं असतं.

“क्या हुआ था?” नाथाने विचारलं.

“कुछ भी नहीं हुआ था,” लच्छूभाई म्हणाले. “इसमें कुछ नहीं है. बढ़िया पीस है. घर ले जाओ.”

हेंद्रेपाड्यात बातमी आधीच पोचली होती. मालिनी दारात उभी होती; तिच्या पाचही विद्यार्थिनी तिच्यामागे. रखमाबाईंनी नाथाला उंबऱ्यावरच अडवलं. दवाखान्यातून आलेल्याला तसाच आत घेतात काय? त्यांनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, मॉनिटरला ओवाळलं, टिळा लावला, अक्षता बसवल्या, आणि दोन्ही हात त्याच्या कडांवरून फिरवून आपल्या कानशिलाशी कडाकडा बोटं मोडली. मग मॉनिटर आत गेला. मालिनीने वायरी जोडल्या. भिंतीवरचं बटण खाली झालं.

पंखा घरघरला.

मॉनिटर मेलेलाच होता.

४. थप्पड फोनवरून

त्या क्षणी मालिनी रडली नाही. ती खुर्चीवर बसली आणि समोरच्या काळ्या काचेत स्वतःचा चेहरा बघत राहिली. रडण्यापेक्षा ते वाईट दिसत होतं.

“थप्पड,” हिरामणला एकदम आठवलं. “लच्छूभाईनं थप्पड मारली होती!”

मग सगळ्यांनी थप्पड मारून पाहिली. हिरामणने मारली. धर्मराजने प्रायश्चित्त म्हणून दोन मारल्या. नाथाने शास्त्रीय पद्धतीने, म्हणजे घाबरत मारली. शेवटी एसटीडी बूथवरून लच्छूभाईंना फोन लावला आणि थप्पड नेमकी कुठे, किती, उघड्या हाताने की मिटलेल्या, हे विचारून घेतलं. लच्छूभाईंनी फोनवर टेबलाला मारून आवाजही ऐकवला. तो आवाज डोक्यात साठवून हिरामण धावत घरी आला आणि तशीच्या तशी मारली. काही उपयोग नाही.

नाथाने टेबललॅम्प आणून त्याच सॉकेटला लावला. लॅम्प लख्ख पेटला. म्हणजे वीज बदलापूरचीही चांगली होती.

“मंग काय आता?” हिरामणने विचारलं.

“परत नेऊ,” नाथा म्हणाला. दुसरं काही सुचत नव्हतं.

दुसऱ्या फेरीला त्याने पहाऱ्याचा बंदोबस्त केला. मॉनिटर कोणाच्याही हातात द्यायचा नाही, खाली ठेवायचा नाही, चहाला थांबायचं नाही. आणि लच्छूभाईंना आधीच बजावलं, “भाई, इस बार थप्पड मत मारना. देखना है.”

“बिना थप्पड के?” लच्छूभाईंना ते बेजबाबदारपणाचं वाटलं. पण त्यांनी नुसतं फडकं घेतलं, पुन्हा लावलेलं कुंकू पुन्हा रगडून काढलं, आणि प्लग लावला.

हिरवा दिवा लागला.

“साईं,” लच्छूभाई आता गंभीर झाले, “ये मॉनिटर को आपका बदलापूर पसंद नहीं. इसको यहीं रहने दो. आप लोग यहाँ आके क्लास ले लो.”

परतताना नाथाने मॉनिटर पोटाशी असा धरला होता की मधे वारा शिरायला जागा नव्हती. वाटेत कोणी हात लावला नाही. दारातही कोणाला हात लावू दिला नाही. हिरामण पुढे आला तर नाथा ओरडला, “लांब! कोणी शिवायचं नाही!” सगळे मागे सरले. फक्त रखमाबाई पुढे आल्या, कारण त्या शिवायला आल्या नव्हत्या, ओवाळायला आल्या होत्या. तुकडा पडला, टिळा लागला, अक्षता बसल्या. नाथाच्या पोटाशी काहीतरी टक् झालं. त्याने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. मग रखमाबाईंनी हात कानशिलाशी नेऊन कडाकडा बोटं मोडली.

आत नेला, जोडला, बटण लावलं.

मेलेला.

हिरामण बाहेर जाऊन गिरणीची जागा पावलांनी मोजू लागला. मालिनीने खोलीची आवराआवर केली, मुलींच्या बैठका सरळ केल्या, फळ्यावरचं पुसलं. मग रखमाबाईंपुढे जाऊन म्हणाली, “काकू, उद्या सकाळी परीक्षकांना मी सांगते की माझ्या हातून बिघडला. तुमचं नाव खराब नको.”

रखमाबाईंनी तोंड फिरवलं. त्यांनाही ते कुठेतरी लागलं असावं, पण देवीचा मामला होता.

नाथा मालिनीबरोबर खरवईच्या वाटेपर्यंत चालत गेला.

“मला येत नाही हे काम,” तो एकदम म्हणाला. “मी मॉनिटर फक्त फळ्यावर पाहिलाय. खडूचा.”

“माहितीये,” मालिनी म्हणाली.

“कसं?”

“तू पहिल्या दिवशी स्टिकर वाचलास ना, तेव्हाच. काम येणारी माणसं स्टिकर वाचत नाहीत.” ती थोडी हसली. “पण तू खोलीत असलास की बरं वाटतं. कोणीतरी काहीतरी करतंय असं.”

ती गेली. नाथा वाटेतच उभा राहिला. काहीतरी करणारा माणूस म्हणून आपली एवढी ख्याती आहे आणि आपण काहीच करू शकत नाही, या विचाराने त्याने स्वतःच्या कानशिलाशी बोटं मोडली. कडकड.

तो थबकला.

त्याने पुन्हा मोडली. मग पोटाला हात लावला. दारातलं ते टक् आधी झालं होतं. रखमाबाईंचे हात कानशिलाशी गेले ते त्यानंतर.

५. शनिवार सकाळ

परीक्षक वेळेआधीच आले. सफारी घातलेला, घामेजलेला, दमलेला माणूस. त्यांना ओटीवर चहा देऊन बसवलं. आत काय चाललंय ते उघड्या दारातून त्यांना दिसत होतं, पण मुलींची पाठांतरं वगैरे असतील असं समजून ते बशीत चहा ओतत राहिले.

आत नाथाने भिंतीवरचं बटण लावून सगळ्यांना उभं केलं होतं.

“मॉनिटर दोनदा उल्हासनगरात जगला आणि दोनदा इथे मेला,” तो म्हणाला. “मी आधी म्हटलं, थप्पड. पण दुसऱ्या वेळी थप्पड नव्हती, तरी जगला. मग म्हटलं वीज. लॅम्प त्याच सॉकेटवर पेटला. धर्मराजकाकांची प्रार्थना म्हणावी तर ते आता चार दिवस उलटी करतायत.”

“उपास पण धरलाय,” धर्मराज म्हणाला.

“आणि मालिनी मॅडमनी खंडेनवमीला बटण लावलं तेव्हा तो आधीच बंद होता. म्हणजे गेला तो त्याच्या आधी, सकाळी. मी सगळ्यांना विचारलं, पूजा सोडून काय झालं? तिथेच चुकलो. पूजा सोडली की या खोलीत काहीच होत नाही. मग जे झालं ते पूजेतच झालं.”

रखमाबाईंच्या भुवया वर गेल्या. हिरामण दोन पावलं मागे सरकला. त्याला आईचा अनुभव होता.

“दोन्ही वेळा उल्हासनगरात पहिलं काय झालं?” नाथा घाईघाईने पुढे गेला. “लच्छूभाईंनी कुंकू पुसलं. दोन्ही वेळा इथे पहिलं काय झालं? काकींनी कुंकू लावलं. पुसलं की जगतो, लावलं की मरतो. आणि दुसऱ्या वेळी तो माझ्या पोटाशी होता. काकींनी अक्षता अंगठ्याने दाबल्या, तेव्हा आत टक् झालं. मला वाटलं भुकेने पोट वाजलं, मग वाटलं काकींनी बोटं मोडली. पण बोटं नंतर मोडली. काकी, तुम्ही म्हणालात ना, कुंकवासाठी त्याला गोल जागा केलीय? ती कुंकवाची जागा नाही. त्या टिळ्याखाली त्याचं स्वतःचं बटण आहे.”

“स्वतःचं?” हिरामण म्हणाला. “मंग भिंतीवरचं कोनाचं?”

“ते सगळ्यांचं. हे त्याच्या एकट्याचं. आणला तेव्हापासून ते दाबलेलंच होतं, म्हणून आपल्याला कळलंच नाही की आहे.”

मॉनिटरच्या खालच्या कोपऱ्यात टिळा लालभडक चमकत होता, त्यात तांदूळ घट्ट रुतलेले.

“मंग पूस,” हिरामण म्हणाला.

“पूस तर!” रखमाबाई पुढे आल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता, आणि ते जास्त भयंकर होतं. “भरल्या घरातल्या लक्षुमीचं कुंकू पुसायचं? सवाष्णीच्या डोळ्यादेखत? कोन पुसतो ते बघते मी. हिरा, तू पुसतो?”

“मी कुठं काय बोललो,” हिरामण म्हणाला.

“धर्मा?”

“माझा उपास आहे,” धर्मराज म्हणाला.

“नाथा?”

नाथाने फडकं हातात घेतलेलं होतं. त्याने ते खिशात घातलं. खुनी सापडला होता, हत्यार सापडलं होतं, प्रेत जिवंत करायला एक अंगठा पुरे होता, आणि हेंद्रेपाड्यात तो अंगठा कोणाकडेच नव्हता. बाहेर परीक्षकांनी बशी खाली ठेवल्याचा आवाज आला. ते घड्याळ बघून म्हणाले, “मग, सुरू करायचं ना?”

नाथाने मालिनीकडे पाहिलं. त्याला जेवढं येत होतं तेवढं सगळं करून झालं होतं.

मालिनी टिळ्याकडे बघत होती. तिचे ओठ हलत होते. मुलींना ती रोज जे शिकवायची तेच पुटपुटत होती. कॅप्स लॉक. एकदा दाबलं की लागतं, परत दाबलं की सुटतं.

ती पुढे आली आणि रखमाबाईंच्या पाया पडली.

“काकू, खंडेनवमीला मशीन मी उठवलं. चूक माझी. कोणी पुसू नका. माझ्या हाताने अजून एक टिळा लावू द्या. देवीची माफी मागते, मग जाते.”

रखमाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. माफी मागणाऱ्याला अडवायचं त्यांच्या कुठल्याच नियमात बसत नव्हतं. त्यांनी ताट पुढे केलं.

मालिनीने कुंकू घेतलं. आधीच्या टिळ्यावर टिळा लावला. चिमूटभर अक्षता ठेवल्या. डोळे मिटले, आणि अंगठ्याने दाबल्या. चांगल्या दाबल्या.

टक्.

हिरवा दिवा लागला. काच चरचरली, हाराच्या झेंडूच्या पाकळ्या तिच्याकडे ओढल्यासारख्या थरथरल्या, आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटत गेली.

पाचही मुली ओरडल्या. धर्मराज मटकन खाली बसला. त्याची उलटी प्रार्थना पावली होती. रखमाबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. त्यांनी मालिनीच्या कानशिलावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

“बघितलं?” त्या हिरामणला म्हणाल्या. “देवीनं हिचा हात घेतला. आता या मशीनला हिच्याबिगर कोनी लावायचं नाय. गिरन-बिरन काय टाकायची ती तुझे डोक्यात टाक.”

“अहो काकी, पण ते बटण…” नाथा म्हणाला.

“गप रे,” रखमाबाई म्हणाल्या. “तुझी दुरुस्ती बघितली आम्ही. दोन वेला.”

मालिनीने नाथाकडे पाहून हळूच मान हलवली. राहू दे. नाथाने राहू दिलं. त्याने या तपासात जे काही शोधलं होतं ते सगळं एका टिळ्याखाली गेलं, आणि ते वर काढायची कोणाला परवानगी नव्हती.

परीक्षा झाली. मुली एकेक करून कॉम्प्युटरवर बसल्या, मग लेखी झाली. पेपर परीक्षकांनी तिथेच ओटीवर तपासले. पहिला प्रश्न होता, संगणक सुरू करण्याच्या पायऱ्या लिहा.

पाचही पेपरांत उत्तर एकच होतं. चपला बाहेर काढाव्यात. वायरी तपासाव्यात. भिंतीवरचं बटण लावावं. पडदा काळा राहिल्यास कुंकू लावून त्यावर अक्षता अंगठ्याने दाबाव्यात. टक् असा आवाज आल्याची खात्री करावी.

परीक्षकांनी लाल पेन उचललं. मग दारातून आत पाहिलं. मॉनिटर हार घालून छान उजळलेला होता. हे आपण सकाळी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, हे त्यांना आठवलं. मग त्यांच्या लक्षात आलं की शेजारी रखमाबाई ताट घेऊन उभ्या आहेत आणि आता त्यांच्याच कपाळाकडे बघतायत.

त्यांनी पाचही जणींना पैकीच्या पैकी मार्क दिले आणि निमूट कपाळ पुढे केलं.

सोमवारी अंबरनाथ पूर्वेहून नाथाला बोलावणं आलं. तिथल्या एका ऑफिसातला मॉनिटर चालू होत नव्हता, आणि हेंद्रेपाड्याची कीर्ती तिथवर पोचली होती. नाथाने स्क्रू ड्रायव्हर खिशात घातला. उंबऱ्यापर्यंत गेला, थांबला, परत आत आला, आणि देव्हाऱ्यातली कुंकवाची डबीही घेतली.